पॉप-पंक, मेंदी आणि खंडेनवमी

नगरच्या एका कॉलेजात मी माध्यम विभागात शिकवतो. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं एक म्युझिक व्हिडिओ करतात आणि त्यांचा मार्गदर्शक मी. म्हणजे परवानग्या मी काढायच्या आणि बोलणीही मीच खायची. व्हिडिओ होतो चार मिनिटांचा, पण त्याच्या किश्शांनी डोकं भरून जातं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते रिकामं होत नाही.

यंदा पॉप-पंक होतं, म्हणजे गिटार-ड्रमच्या धडाक्यात चिडून गायचं. गाणं सोनालीचं, लिहिलं तिनेच, गायलीही तीच. घरावर वैतागलेली मुलगी दार आपटून निघून जाते, असा विषय. सोनाली पाथर्डीकडची. दसरा झाला की तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिचा हट्ट एकच, व्हिडिओत आई हवी. त्यामुळे जे काही करायचं ते दसऱ्यापर्यंत.

*

आधी प्राचार्य. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, हेच कौतुक. मग विचारलं, "ही ओरडतेय का?"

"गातेय, सर."

"रागावलीय कुणावर?"

"घरच्यांवर."

"मग घरच्यांची लेखी परवानगी घ्या."

*

ड्रमर अक्षय मिरजगावचा. एरवी लग्नात बँजो पार्टीत वाजवतो. सराव व्हायचा कॅमेरावाल्या तेजसच्या गच्चीवर. गाणं वेगात आलं की अक्षयचा हात आपोआप वरातीच्या ठेक्यावर जायचा. सोनाली जीव तोडून घर सोडतेय आणि मागे नवरदेव घोड्यावर!

एकदा शेजारच्या काकू वर आल्या. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी हळद कुणाची आहे ते विचारलं आणि आपल्याला बोलावलं नाही म्हणून रुसून खाली गेल्या. मला त्यांची समजूत घालायचंही त्राण नव्हतं.

*

पॉप-पंक म्हणजे रंगवलेले केस, असं तेजसचं फर्मान. अक्षयला केमिकलची भीती, म्हणून त्याने मेंदी लावली. केस नारिंगी झाले खरे, पण गावाकडच्या आजोबांचे होतात तसे. सिटी बसमध्ये एक पोरगा उठून म्हणाला, "बसा काका." अक्षय बसला. तोही दमलाच होता.

*

तेजसला गिटार फोडायची होती. त्याशिवाय व्हिडिओच नाही म्हणे. भंगारातून एक तडकलेली गिटार मिळवली आणि अक्षयच्या घरी ठेवली. आली खंडेनवमी. अक्षयच्या आईने रिवाजाप्रमाणे घरातली सगळी वाद्यं पाटावर मांडून पुजली, त्यात तीही. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार.

दसऱ्याच्या सकाळी फोडायची वेळ आली, तर कुणी पुढे होईना. पूजा झालेली वस्तू फोडायची कशी? महिनाभर हट्ट धरलेला तेजस शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही फोडा."

मीही नाही फोडली. ती आता विभागातल्या कपाटावर आहे, हारासकट.

*

त्याच दुपारी पाथर्डी. सोनालीच्या वस्तीवर पोचलो तेव्हा अंगणात गोधड्या, भांडी, कोयते बांधून तयार होते. ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होता. म्हणजे आईचा शॉट आज झाला तर झाला. मला सकाळपासून या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. कधी एकदा आटोपतं असं झालं होतं.

तेजसने आईला समजावलं. सोपं आहे मावशी, सोनाली सॅक घेऊन चिडून निघून जाईल. तुम्ही फक्त दारात उभं राहायचं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. बोलायचं काहीच नाही.

आईने हातातली दोरी खाली ठेवली, पदर नीट केला, दारात जाऊन उभी राहिली. सोनाली तरातरा निघाली, बाभळीपर्यंत गेली. आई चौकटीला धरून इकडेतिकडे पाहत राहिली, मग हसली. तेजसने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. सोनाली वैतागून परत आली.

आई माझ्याकडे वळली. "मला न्हाई जमत, सर. आजवर मी दारात कवा उभी ऱ्हायलीच न्हाई. आमीच जातो. ही उभी ऱ्हाती."

मग ती सोनालीला म्हणाली, "आमची गाडी वळली का तू काय करती गं? दाव मला. तसंच करते."