फुटामागे दीड सूत

सूतमास्तरांचा कशावरच विश्वास नव्हता. कापडवाल्याने मोजून दिलेलं दोन मीटर कापड ते घरी आणून परत मोजायचे, तेही फुटांत. पाऊण इंची प्लाय आणला की त्याच्या कडेला पट्टी लावायचे. जाडी अठरा मिलिमीटर भरायची आणि मास्तर दुकानदाराकडे रोखून बघायचे. "पाऊण इंच म्हणजे एकोणीस. मग मधला एक मिलिमीटर कोण खातं?" दुकानदार म्हणायचा, "अहो, कंपनीतूनच असा येतो." मास्तर म्हणायचे, "म्हणजे कंपनी खाते."

एकदा दवाखान्यात परिचारिकेने त्यांना भिंतीशी उभं करून एकशे अडुसष्ट सेंटिमीटर उंची लिहिली. मास्तर जागचे हलेनात. आयुष्यभर ते पाच फूट सात इंच होते. म्हणजे एकशे सत्तर यायला हवे होते. "बाई, तुमची पट्टी वर लागलीय," म्हणत त्यांनी खिशातून टेप काढला आणि जमिनीपासून मोजून बघितलं. पट्टी बरोबर होती. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीशी उभं राहून पुन्हा उंची मोजली. वयाबरोबर माणूस आखडतो, हे बायकोने सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही.

मास्तर सुतारकाम करायचे. लहानपणापासून त्यांचा हात फूट, इंच आणि सूत यांवर बसलेला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तो त्यांना टेपशिवाय नुसत्या नजरेने कळायचा. म्हणूनच ते नाव पडलं होतं. त्यांच्या कारखान्यात सोबत दोघं होती. एक त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, जो वीस वर्षं मशीनवर फळ्या कापत आला होता. दुसरी त्यांची मुलगी. ती नकाशे काढायचं शिकून आली होती आणि तिचं सगळं मिलिमीटरमध्ये चालायचं. बापलेकीत रोज खटका उडायचा. "बाबा, साडेसव्वीस इंच आणि एक सूत हा काय आकडा आहे?" "अगं, आकडा नाही, माप आहे. आकडे तुझ्या मोबाइलमध्ये."

महिन्यापूर्वी मुलीच्या हट्टाने नवं कटिंग मशीन आलं होतं. त्याला पडदा होता आणि त्यावर लालभडक आकडे उमटायचे, तेही मिलिमीटरमध्ये. मास्तर त्याच्या जवळ फारसे जात नसत. ते आपले चिठ्ठीवर पेन्सिलीने इंचात मापं लिहून द्यायचे आणि मेव्हणा कापायचा.

अशात एका दवाखान्याचं काम आलं. औषधांची बारा कपाटं. सांगाडे मास्तरांनी स्वतःच्या हाताने उभे केले. मग मेव्हण्याने कापलेले आडवे कप्पे आत बसवायला घेतले, तर पहिलाच कप्पा आत जाऊन एका बाजूने खाली पडला. मास्तरांनी टेप लावला. चोवीस इंच हवे होते. तीन सूत कमी. दुसरा कप्पा लावला. तोही तीन सूत कमी. बहात्तर कप्पे कापून ठेवलेले होते, सगळे तसेच.

मास्तरांनी कप्पा परत थप्पीवर ठेवला. तेव्हाच मेव्हण्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

एकाच मापाने बहात्तर वेळा हात चुकत नाही. मुद्दाम केलं असेल तरच असं होतं. पण कशासाठी? मग त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. गेले काही दिवस मेव्हणा आणि मुलगी मशीनपाशी हळू आवाजात बोलायची. मास्तर आत शिरले की दोघं गप्प. एकदा ते दाराआड थांबले, तर मुलगी मामाच्या कानाशी लागून "चोवीस… अठ्ठेचाळीस…" असं काहीतरी सांगत होती. मेव्हण्याच्या हत्यारांच्या खणात एक जाडसर पाकीट होतं. मास्तरांची चाहूल लागताच त्याने खण लोटून दिला होता.

मास्तरांनी गणित जुळवलं. दोघांना वेगळा कारखाना काढायचाय. त्याआधी म्हाताऱ्याचं नाव खराब करायचं, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप त्यांच्याकडे जाईल.

घरी ते बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाचं लक्षण ठीक दिसत नाही."

"आता काय केलं त्याने?"

"माप मारतोय."

"तुम्हाला भाजीवालाही माप मारतो, दूधवालाही मारतो. आता माझा भाऊ राहिला होता." ती पोळपाट ठेवून समोर येऊन उभी राहिली. "विचारलंत का त्याला?"

"विचारलं तर सावध होईल."

"मग बसा कुढत."

पण मास्तर कुढत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सापळा लावला. तीन फळ्यांची चिठ्ठी दिली. एक बारा इंच, एक चोवीस, एक अठ्ठेचाळीस. मेव्हण्याने तिन्ही कापून आणल्या आणि जेवायला गेला. मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि टेप काढला. बारा इंचाची फळी दीड सूत कमी. चोवीसची तीन सूत. अठ्ठेचाळीसची तब्बल सहा सूत.

मास्तर स्टुलावर बसले. ही कसली चोरी? खोडी काढणारा माणूस सगळ्या फळ्या सारख्याच कमी कापेल. इथे लांबी दुप्पट झाली की घटही दुप्पट. त्यांनी परत मोजलं. फरक नाही. एवढी शिस्तीची लबाडी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्यामुळे ते जास्तच घाबरले.

शेवटी त्यांनी मुलीला हाक मारली. "हे बघ. तुझ्या मामाची कारागिरी."

तिने फळ्यांवर आपली पट्टी लावली. तीनशे. सहाशे. बाराशे. ती एकदम बापाकडे बघायला लागली. "बाबा, हे तर सरळ आहे. इंचाला पंचवीस मिलिमीटर धरलेत कोणीतरी. असतात पंचवीस पूर्णांक चार दशांश."

"त्या चाराने एवढं होतं?"

"फुटाला दीड सूत होतं. तुम्हीच मोजलंत ना?"

"म्हणजे कोणी केलं हे? तू की त्याने?"

तेवढ्यात मेव्हणा हात पुसत आत आला. समोर मांडलेल्या तीन फळ्या आणि हातात टेप घेतलेले मास्तर बघून तो दारातच थबकला.

"या, मेव्हणेबुवा," मास्तर म्हणाले. "दुकान कुठे काढताय?"

"कसलं दुकान, दाजी?"

"खणातलं पाकीट काढा बघू."

मेव्हण्याने मुलीकडे बघितलं. मग खण उघडून पाकीट मास्तरांच्या हातात दिलं. आत डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पिकून पार दुधाळ झालेला.

"टेपवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्यात," मेव्हणा म्हणाला. "तुमची पेन्सिलीची चिठ्ठीही दिसत नाही. पोरगी वाचून दाखवते. पडद्यावरचे आकडे मोठे असतात, ते दिसतात. म्हणून मनातल्या मनात इंचाला पंचवीस लावायचो. सगळे असंच म्हणतात ना?"

"बोलायला म्हणतात, कापायला नाही." मास्तरांचा आवाज चढला. "आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मशीनपाशी उभं केलं असतंत?"

"मुळीच नाही! बोटं गेली असती, शहाण्या!" मग ते मुलीकडे वळले. "आणि तू? मामाला दिसत नाही आणि तू त्याला पात्यापाशी उभं करतेस?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामाने शपथ घातली होती. म्हणाला, तुझ्या बाबांना कळलं तर संशयाने जीव नकोसा करतील."

मास्तरांनी कागद पाकिटात घालून मेव्हण्याच्या हातात ठेवले. कालपासून मनातल्या मनात त्यांनी संशयच तर घेतला होता.

कप्पे फेकायची वेळ आली नाही. मुलीने तोड काढली. प्रत्येक कप्प्याच्या दोन्ही टोकांना सागवानी पट्टी चिकटवायची आणि रंधून मापात आणायची. मास्तरांनी पट्ट्या सुतात काढल्या, तिने मिलिमीटरमध्ये तपासल्या. बहात्तर कप्प्यांना चार दिवस लागले. मेव्हणा हाताने चाचपत सरस लावत होता, पण मशीनच्या खोलीला मास्तरांनी कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला बांधली होती. कपाटं मागवणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंना त्या पट्ट्या नक्षीच वाटल्या. "किती छान दिसतंय," त्या म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, टोमणा मारताहेत. त्यांनी खरं काय झालं ते सांगून टाकलं, तरी बाईंनी कपाटं ठेवून घेतली.

ऑपरेशनला मास्तर स्वतः मेव्हण्यासोबत गेले. डॉक्टर भिंग बसवायचं समजावून सांगत होते. मास्तरांनी विचारलं, "केवढं असतं हे?"

"सहा मिलिमीटर."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. "दोन सुतांना जरा कमीच भरतं."

"दाजी, आता गप्प बसा," मेव्हणा म्हणाला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मेव्हणा कारखान्यात आला. आल्या आल्या तो मशीनकडे गेला नाही. दारं, खिडक्या, मास्तरांनी केलेलं जुनं टेबल, सगळ्याला नाक लावून बघत हिंडला. मग टेबलाच्या कोपऱ्यापाशी वाकून म्हणाला, "दाजी, हा सांधा सूतभर उघडलाय."

"अर्धं सूत," मास्तर म्हणाले आणि टेप शोधायला लागले.