लाल शाईतला एक शब्द

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी लोणावळ्याच्या यार्डात इंजिनाला निशाण दाखवत असे. डबे जोडणारा गडी दोन डब्यांच्या मधे शिरे, साखळी अडकवी आणि बाहेर येऊन दोन्ही पंजे वर करी. ते पाहूनच हिरवं निशाण द्यायचं, अशी रीत होती. मी मात्र साखळीच्या आवाजावरून ओळखू लागलो होतो. पंजे बघत थांबणं मला नवशिक्याचं काम वाटे. एकदा त्या आवाजावरच निशाण दिलं; डब्यांच्या मधे कान्हे गावचे भाऊ होते, त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीत मी खोटं बोललो. म्हणालो, "पंजे दाखवून त्यांनीच परत हात घातला."

महिन्याभराने भाऊ कागद घेऊन माझ्या खोलीवर आले. नोकरी गेली होती. आठ दिवसांत वर दाद मागता येणार होती.

"हितं लाल शाईत काय लिवलंय?"

शब्द होता 'कॉकी'. मला तो येईना. आम्ही शाळेतल्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी जाडजूड कोश उघडला.

"कॉक म्हणजे कोंबडा. त्यावरून आलाय. तुरा मिरवत, छाती काढून चालतो ना, तसा माणूस. मला सगळं कळतं, अशा तोऱ्यात वागणारा."

भाऊ हसत सुटले. "मास्तर, इंजिन थांबलंय न्हवं, म्हून दोन-दोनदा इचारनारा मी! यार्डात भित्री भागूबाई म्हनत्यात मला, आन् सायेब कोंबडा म्हनतोय!"

मास्तरही हसले. रस्त्यावर आल्यावर भाऊ थांबले.

"शबुद खरा कुनाला लागू हाय, तुला ठावं हाय. मी पंजं दावलंच न्हवतं."

"व्हय, भाऊ."

"मग सायबाला तेवडं सांग. तू तरना हायेस, तुला दुसरं काम घावंल. मला एका हातानं कोन ठेवतंय? दोन पोरी हायेत लग्नाच्या."

"सांगतो," मी म्हणालो.

तीन दिवस ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. चौथ्या दिवशी साहेबानेच विचारलं, "काय पाहिजे?" मी रजा मागितली. ती मिळाली. भाजे गावी बहिणीकडे जाऊन भात झोडत बसलो. परतलो तेव्हा मुदत संपली होती.

भाऊंची बायको फाटकाशी उभी होती. "सांगितलंस का रं?"

"व्हय, मावशी."

ती एवढी वडीलधारी बाई, पण माझ्या पायाशी वाकली. मग उठून तिने विचारलं, "जबाब कवा येईल?"

"पंधरा दिवसांत," मी म्हणालो.