दापोड्याच्या गोदामाचं मागचं शटर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, लेकीजवळ नाही. तुमच्याजवळच का बोलतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

टेमघरला मला सगळे फौजी म्हणतात. सतरा वर्षं लष्करात होतो, हे खरं. पण होतो तो स्वयंपाकी — चपात्या लाटल्या, डाळीला फोडण्या दिल्या. निवृत्त होऊन आलो आणि चहाच्या टपरीवर सीमेवरच्या गोष्टी ठोकायला लागलो. लोक ऐकत गेले, मी फुगत गेलो. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण मला सांगायचंय ते हे नव्हे.

घरोघरी मोबाइल यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. शेजारचा ट्रकड्रायव्हर सुदाम आणि त्याचा भाऊ, दोघांना माल लुटणाऱ्या टोळीनं कापडाच्या ट्रकसकट पळवलं. दुसऱ्या दिवशी एका हमालानं त्यांचा ट्रक दापोड्याच्या एका बंद गोदामामागे पाहिला. सुदामची बायको धावत माझ्या दारात आली. "दादा, पोलिसांत गेलो तर मारून टाकतील म्हनतात. तुमी फौजी हाव. तुमीच आना त्यांना."

अख्खी आळी माझ्या तोंडाकडे बघत होती. बाई गं, मी आचारी आहे, असं तेव्हा म्हणता आलं नसतं का? — मी मिशीवरून हात फिरवला आणि निघालो.

भर दुपार होती. गोदामाच्या मागे पोचलो. खाली बसलो आणि रडलो — हो, रडलो. परत फिरणार, तेवढ्यात शटरच्या फटीतून बाईचा दबका आवाज आला. तिनं सांगितलं, कामाला लावतो म्हणून आणून तिलाही महिनाभर कोंडलं होतं, त्या लोकांचं जेवण करायला. ते पुढे जेवायला बसले होते. "रोओ मत भैया. कुंडी खोल दी है मैंने. उठाओ, मुझ अकेली से नहीं उठता."

तिनं आतून जोर लावला, मी बाहेरून. गंजलेलं शटर हातभर वर आलं. दोघे भाऊ गुंगीत होते, डोळे बांधलेले. तिनंच त्यांना एकेक करून बाहेर ढकललं. मग ती स्वतः वाकली.

मी शटर सोडलं.

हात घसरला, असं कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आलो. घसरला नव्हता. हिनं मला रडताना पाहिलंय, टेमघरला आली तर सांगेल — एवढंच डोक्यात आलं.

दोघांना ओढत मी हायवेला आणलं, आणि आता ते सुटलेच होते म्हणून पोलिसांना कळवलं. संध्याकाळी पोलिसांनी गोदामातल्या सगळ्यांना धरलं, तिलाही. ओळख पटवायला मला बोलावलं. सुदामला आणि त्याच्या भावाला तर काहीच आठवत नव्हतं. मला बघून ती हसली — सुटले, असंच वाटलं असेल ना तिला?

"ही त्यांच्यातलीच," मी म्हणालो.

तिला शिक्षा झाली. किती वर्षांची, ते मी विचारलं नाही. गावानं माझा सत्कार केला, खांद्यावर शाल घातली. ती मी ताठ उभं राहून घेतली.