मधल्या पानाची जिवती

आमच्या गुरुजींना एक खोड होती. पुस्तक हातात घेतलं की गोष्टीचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही, आधी चित्रं कुणी काढली ते मोठ्याने वाचायचं. मग आम्ही सगळ्यांनी ते नाव ओरडून म्हणायचं. ज्याने एवढी मेहनत केली त्याचं नाव बारीक अक्षरात छापतात, निदान आपण तरी ते मोठ्याने घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. आसगावच्या पुढचं आमचं छोटं गाव, सगळी धानाची शेती करणारी घरं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या गावात आम्ही पोरंपोरी चित्रकारांची नावं पाठ म्हणत होतो आणि बाहेरून जाणाऱ्यांना वाटे, शाळेत पाढे चाललेत.

पुस्तकं लोखंडी कपाटात होती. आधीच्या गुरुजींनी ती मळतील म्हणून कधी बाहेरच काढली नव्हती. तोवर आम्ही चित्र म्हणून पाहिलेलं काय, तर कॅलेंडरवरचा देव, नाहीतर बिडीच्या बंडलावरचा कागद. पवनीहून सायकलवर येणाऱ्या ह्या गुरुजींनी कपाट उघडलं आणि आमचे डोळेच दिपले. त्यात एक पातळ पुस्तक होतं, दोन पिनांनी टाचलेलं. मधल्या दोन पानांवर मिळून एकच चित्र. तलावाच्या काठी एक बाई बसली आहे, अंगाखांद्यावर पोरं. एक रडतंय, एकाचं नाक वाहतंय, एक तिच्या अंबाड्याशी झोंबतंय, आणि ती हसू दाबून भलतीकडेच बघते आहे. तिच्या टाचांना भेगा होत्या. गुरुजी म्हणाले, ह्या भेगा गोष्टीत कुठेही लिहिलेल्या नाहीत, ह्या चित्रकाराच्या पदरच्या. मी त्या भेगांवरून बोट फिरवून पाहिलं. कागद गुळगुळीतच लागला.

पुस्तकं घरी न्यायला मिळावी म्हणून आम्ही सगळा वर्ग त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी ते म्हणाले, आधी एकीला देऊन बघतो. पुस्तक जसंच्या तसं परत आलं तर सगळ्यांना मिळेल, नाही आलं तर कुणालाच नाही. आणि माझी अक्षरं नीट असतात म्हणून की काय, ते पातळ पुस्तक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी ते ओढणीसारखं छातीशी धरून घरी आणलं. सगळा वर्ग माझ्याकडे डोळे लावून होता आणि मला त्याची फार ऐट होती.

मायला वाचता येत नव्हतं. तिला मी सगळी चित्रं दाखवली, गोष्ट सांगितली. मधल्या चित्रावर ती थांबली. किती वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, हे लेकरं खरे वाटतात. पुस्तक कुणी दिलं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, गुरुजींनी. शाळेतून दिलेली वस्तू परत मागतात, हे तिच्या गावीही नव्हतं.

आषाढातल्या अमावास्येला आमच्याकडे जिवतीचा कागद भिंतीला लावतात. लेकुरवाळ्या देवीचं छापील चित्र असतं ते. श्रावणभर त्याची पूजा करायची, लेकरांना आयुष्य मागायचं. त्या वर्षी झड लागली होती, नाल्याला पूर होता, पवनीची वाट बंद, म्हणून गुरुजीही गावातच मुक्कामाला होते. गावच्या दुकानदाराकडचे कागद भिजून त्यांचा लगदा झाला होता. माझा धाकटा भाऊ नुकताच तापातून उठला होता, त्यामुळे त्या वर्षी जिवती चुकवणं मायला जमणारच नव्हतं. मी शाळेतून आले तर भिंतीवर पुस्तकाचं मधलं पान. भाताच्या पेजेने चिकटवलेलं. पिना उकलून तिने पान अलगद काढलं होतं आणि पिना पुन्हा दाबून बसवल्या होत्या. बाईच्या कपाळाला हळदकुंकू, प्रत्येक पोराच्या कपाळाला हळदकुंकू. तिला वाटत होतं, मी खूश होईन.

मी उरलेलं पुस्तक परत द्यायला दप्तरात घातलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुस्तक वर्गासमोर उघडलं, आणि उघडलं तेही नेमकं मधोमध. पान कुठे आहे, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी म्हणाले, भिंतीवर. वर्ग खो खो हसला. मग कुणीतरी हसणं थांबवून म्हणालं की आता आपल्याला मिळत नाहीत पुस्तकं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. बाबा बाजेवर बसले होते. मायने डोक्यावर पदर घेतला आणि कौतुकाने भिंत दाखवली. गुरुजी रागावले नाहीत. उलट बराच वेळ ते चित्राकडे पाहत राहिले. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दोन काळ्या वळणदार रेघा होत्या, मायने त्यांनाही कुंकवाचं बोट लावलं होतं. गुरुजींची खोड कुठे जाणार? त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव आहे."

मायला आधी कळलं नाही. तिला वाटलं होतं, चित्रातलं गवत असेल. मग तिने विचारलं, "मानूस हाये का तो?"

गुरुजी हो म्हणाले.

"परक्या मानसाच्या नावाले मी कुकू लावलं?"

बाबांना थट्टा सुचली. ते म्हणाले, चला, मले जोडीदार भेटला. गुरुजींनी मान खाली घातली. मायचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पुस्तकाची, गुरुजींची, वर्गाची मला वाटत होती ती लाज वेगळी, आणि ही वेगळी. ती चहा द्यायलाही बाहेर आली नाही. गुरुजी गेल्यावर तिने ओल्या बोटाने तो कोपरा घासला, इतका की खालची माती दिसायला लागली. शाळेत ते नाव मी घसा ताणून म्हणत असे. घरी त्या रेघा म्हणजे नाव आहे हे मायला सांगावं, असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

पुस्तकं घरी न्यायला कुणालाच मिळाली नाहीत. मुली मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलेनात. वर्गात गुरुजी नावं वाचायचे तेव्हा मी नुसते ओठ हलवायची. मी पुस्तक का आणत नाही, असं मायने एकदा विचारलं. आता कुणालाच देत नाहीत, एवढंच मी तुटकपणे म्हणाले. तिने पुढे काही विचारलं नाही आणि मला तेच बरं वाटलं.

रोवणा सुरू झाला, बायका दिवसभर बांधीत, चिखलाच्या खाचरात, वाकून धान लावत होत्या. अशाच एका दुपारी गुरुजी काहीतरी वाचून दाखवत असताना वर्गाच्या दारात माय उभी राहिली. ती शाळेत कधी आली नव्हती. पुस्तकं कुणामुळे थांबली, हे तिला रोवण्यावरच्या बायकांकडून कळलं असावं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले, हात कोपरापर्यंत माखलेले. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. मागून कुणीतरी जिवतीवाली म्हणालं आणि पोरं फिदीफिदी हसली. मी पाटीमागे तोंड लपवलं. ती लवकर जावी, एवढंच मला वाटत होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "पोरायले पुस्तकं देत जा जी घरी. मी आता चित्राले हात नाही लावत. पोरगी धरंल, मी दुरूनच पाहीन."

गुरुजी उठले, कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं आणि दाराशी जाऊन तिच्यापुढे धरलं. मायने आपले चिखलाचे हात मागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.