गिंकाताईंचा ओ

गिंकाताई आमच्या रुग्णवाहिका केंद्रातले संगणक एकोणीस वर्षं सांभाळताहेत. मी त्याच खोलीत फोनवर बसते. डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात कुणाच्या छातीत कळ आली की आधी मला कळतं, मग गाडी सुटते. ही सगळी यंत्रणा एका सर्व्हरच्या पोटातल्या चार आभासी मशिनांवर चालते. त्या मंगळवारी सकाळी ती मशिनं नोंदींच्या फायलींवर फायली ओकत होती. डिस्कवर सहा टक्के जागा उरली होती. ती संपली की माझा फोन मुका.

आमचे केंद्रप्रमुख वेल्चेव्हसाहेब यांनी तपासाआधीच निकाल दिला. "चौथं मशीन आस्पारूखनं बसवलं ना? मग त्याचंच लफडं. दुपारी त्याला घरी पाठवतो, कायमचा."

ताईंच्या हाताखालचा आस्पारूख दारात पांढराफटक पडून उभा. दोन लेकरांचा बाप तो.

"दुपार व्हायचीय अजून, साहेब," गिंकाताई मान न वळवता म्हणाल्या. "बसा नाहीतर जा, पण डोक्यावर उभे राहू नका."

साहेब बसले. जागा चार टक्के झाली.

"जुन्या फायली रोज आपोआप पुसल्या जातात ना, ताई?" मी विचारलं.

"जातात की. इंग्रजीत 'ओल्ड' लिहिलेल्या फोल्डरमधून. हा बघ, रिकामा आहे."

त्यांनी यादी खाली सरकवली आणि तिथे आणखी एक 'ओल्ड' निघाला, तुडुंब भरलेला. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे.

"ह्याचा ओ इंग्रजी नाही, आपल्या सिरिलिक लिपीतला आहे," त्या पुटपुटल्या.

आम्हा बल्गेरियन लोकांचं हे रोजचंच. कळफलक इंग्रजीवर बदलायचा राहतो, दुसरं अक्षर वेगळं उमटलं की तेवढंच पुसतो आणि पहिला ओ दिसायला सारखाच म्हणून तसाच सोडतो. मशिनांना जुन्या फायली ठेवायला हाच फोल्डर नेमून दिला होता; पुसणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र तो दिसत नाही.

त्यांनी फायली पुसल्या. निम्मी डिस्क मोकळी झाली आणि माझ्या जिवात जीव आला.

"म्हटलं नव्हतं? आस्पारूखच!" साहेब उठले.

फोल्डर कुणी केला, ते पडद्यावर लिहिलेलं होतं. वाचलं फक्त आम्ही दोघींनी. ताईंच्या पेन्शनला अकरा महिने उरले होते. ते नाव पुसून टाका, पुसून टाका, असं मी मनातल्या मनात विनवत होते. आजही त्याची लाज वाटते.

ताईंनी पडदा साहेबांकडे वळवला.

"शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं. हा ओ माझा आहे, साहेब. त्या पोराला आत बोलवा आणि आधी त्याची माफी मागा."