माउसखालचं घड्याळ

सानपाड्याच्या आमच्या ऑफिसात पाइपलाइनचं डिझाइन करणारे इंजिनियर वीस आणि सॉफ्टवेअरची लायसन्स आठ. म्हणजे एका वेळी आठच जणांना काम करता येई. आणखी घ्यायची म्हटलं की किंमत ऐकूनच साहेबांना घाम फुटायचा. लायसन्स वाटायचं काम माझ्याकडे, म्हणून मी नियम केला: पंधरा मिनिटं माउस हलला नाही, तर सॉफ्टवेअर आपोआप बंद आणि लायसन्स पुढच्याला.

तरी आमच्या सगळ्यांत जुन्या ड्राफ्ट्समनकाकांचं लायसन्स जेवणाच्या सुट्टीतही सुटत नसे. एकदा मी डबा तसाच ठेवून त्यांच्या टेबलाशी गेले. खुर्ची रिकामी, आणि स्क्रीनवरचा बाण मात्र थरथरतोय! माउस उचलला, तर खाली काकांचं मनगटी घड्याळ. सेकंदकाटा फिरला की माउसला वाटे, आपणच हललो. माझं डोकंच फिरलं. घड्याळ हातात धरून मी तिथंच बसून राहिले.

काका अडीचला उगवले. "सॉरी मॅडम, हातात घड्याळ नव्हतं, वेळ कळलीच नाही."

मी घड्याळ पुढं केलं. त्यांनी ते शांतपणे मनगटावर बांधलं, वेळ पाहिली आणि म्हणाले, "अडीच वाजले? मग तुमचं जेवण राहिलं की, मॅडम!"