गुलाबी बिया आणि जांभळी कवळी

आमच्या लॅबमध्ये पाण्याच्या रिपोर्टांसाठी तीन कपाटं आहेत, किश्श्यांसाठी एकही नाही. त्यामुळे ते चहाच्या टेबलावरच साचत जातात. वसईजवळ सातिवलीच्या एका गाळ्यात आम्ही चौघं: मालकीण मॅडम, स्टोअर सांभाळणारी मी, बाटल्या धुणारे जनूमामा आणि तपासण्या करणारी मयूरी.

रोजचं काम पाणी तपासायचं. मयूरीला मात्र मॅडमनी स्वतःच्या संशोधनासाठी एक टेबल वर्षभर दिलं होतं. मुळ्याच्या बियांत प्रोटीनचा एक चिमुकला तुकडा असतो, पेप्टाइड म्हणतात त्याला. मातीतल्या बुरशीपासून बी त्यानंच स्वतःला वाचवतं. तोच माणसाच्या अंगातल्या बुरशीला पळवेल का, हे तिला बघायचं होतं. वर्षात जमलं नाही, तर टेबल परत!

* * *

बिया आणायला ती वसईच्या बाजारात गेली.

"किती गुंठ्यांत लावणार?" दुकानदारानं विचारलं.

"लावायच्या नाहीत, दळायच्या आहेत."

त्यानं पाकीट पुढे सरकवलं. आणि दळून काढलेला अर्क टाकताच पहिल्याच प्लेटमधली बुरशी साफ! मयूरी नाचली, मॅडमनी पेढे मागवले. जनूमामा पेढा हातात धरूनच म्हणाले, "पोरी, या बिया गुलाबी कशा? आमच्या वाडीतल्या तर तांबूस असतात."

मॅडमनी पाकीट उलटं करून वाचलं. पेरायच्या बियांना बुरशी लागू नये म्हणून कंपनीच औषध चोळून त्या रंगवते. आठवडाभर आम्ही ते औषध धुऊन काढत होतो आणि त्यालाच शोध म्हणत होतो!

"मग पेढा खाऊ, का परत ठेवू?" मामांनी विचारलं.

* * *

दुसऱ्या दिवशी मामांनी घरच्या बियांचा डबा आणला. "राखेशिवाय दुसरं कायपन लावलेलं नाय."

मयूरीनं खपून अर्क काढला. मामांना तो गढूळ फ्लास्क कचऱ्यातला वाटला. त्यांनी तो जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवला आणि चांगला शिजवला. मयूरी रडायचीच बाकी होती. रागारागात तिनं तोच शिजलेला अर्क प्लेटवर टाकला.

बुरशी मेली! मॅडम भिंग घेऊन किती वेळ बघत बसल्या. हा पेप्टाइड इतका घट्ट गाठी मारून बसलेला असतो, की उकळूनही सुटत नाही. बाकीची प्रोटीनं मात्र फुटून खाली बसतात. तेव्हापासून आम्ही मुद्दामच उकळतो.

"माझं नाव कुठं लिवनार?" मामा आजही विचारतात.

* * *

मयूरी राहते तुळिंजला. ती बुरशीवर औषध शोधतेय हे सोसायटीत कळलं आणि एका काकांनी जिन्यातच चप्पल काढून नख दाखवलं. एक काकू केसांतला कोंडा दाखवून गेल्या. सेक्रेटरी तर सरळ म्हणाले, "ताई, टेरेसच्या भिंतीला किती लिटर लागेल?"

* * *

खरी अडचण पुढेच होती. मोकळी बुरशी मरते हो. पण ती एकदा पृष्ठभागावर चिकटली, की स्वतःभोवती चिकट थर बांधते आणि औषध आत शिरू देत नाही. याला बायोफिल्म म्हणतात. मामांना एका वाक्यात कळलं: "विहिरीच्या पायरीवरचं बुळबुळीत. पानी कितीपन ओता, जात नाय."

मॅडम म्हणाल्या, "प्लास्टिकच्या तुकड्यावर नको. वापरातल्या कवळीवर दाखव. तिथे ही बुरशी खरी चिकटते." वर्ष संपायला चार दिवस उरले होते. मयूरीनं सगळे डेंटिस्ट पालथे घातले, पण वापरातली कवळी कोण देणार? मला तर तिच्याकडे बघवेना. मामाही हल्ली टाळू जळते म्हणून डब्यात नुसती पेज आणत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मयूरीच्या टेबलावर जॅमची बाटली. आत कवळी! कुणा डेंटिस्टला दया आली असेल, असं आम्ही धरून चाललो. मामांना विचारावं, तर ते तोंडाला रुमाल बांधून, घसा बसलाय अशी खूण करत होते.

मयूरीनं कवळीच्या डाव्या बाजूवर अर्काचा कापूस ठेवला, उजवीवर साध्या पाण्याचा. दुसऱ्या दिवशी धुऊन जांभळा रंग चढवला. जिथे थर शिल्लक, तिथेच हा रंग धरतो. उजवी बाजू जांभळीगर्द आणि डावी जवळजवळ कोरी! मॅडमनी जागेवरच सांगितलं, "टेबल तुझंच!" मयूरी मला मिठी मारून रडली, आणि मीही रडले.

मग तिनं डोळे पुसत विचारलं, "पण ही परत कुणाला करायची?"

मामांनी रुमाल सोडला. वर एकही दात नव्हता.

मयूरी धावली. साबण, स्पिरिट, ब्रश. रंग हलेना. "मामा, तुमच्या पुतणीचं लग्न परवा ना हो?" तिचा आवाज पुन्हा रडवेला झाला. मॅडम म्हणाल्या, "मामा, ही आता तोंडात घालायची नाही. आजच नवी करायला टाकू."

मामांनी कवळी खिडकीशी धरून उलटसुलट बघितली.

"पोरीच्या औषधाची बाजू कंची?"

"डावी."

"मग काय नडलं?" कवळी खिशात टाकत मामा म्हणाले. "फोटोवाल्याला सांगतो, डावीकडनंच काढ!"